खानावळ लीलाच्या नावे

मी, गेणू धोंडिबा कोकरे, वय वर्षे चौसष्ट, धंदा खानावळ, पूर्वीचा धंदा मेंढपाळ, राहणार कळंब, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, माझ्यामागे माझ्या मिळकतीची व्यवस्था कशी लावावी ते हयातीतच सांगून ठेवतो. कोणी भरीस घातलेले नाही, कसले नशापाणी केलेले नाही. गुडघे गेले आहेत, डोके ठिकाणावर आहे. मी बोलतो तसे मानसिंग जगताप गुरुजी लिहीत आहेत. ते म्हणाले, "गेणूआबा, मृत्युपत्रात एवढी हकीकत लागत नाही." मी म्हणालो, "लागती गुरुजी. न्हायतर मागची माणसं म्हणतील, म्हाताऱ्याला चळ लागला हुता."

कलम १. राहते घर, दोन खोल्या व पुढची पडवी, माझी पत्नी भागूबाई हिच्या हयातीपर्यंत तिचे. तिला तिथून कोणी उठवू नये. तिच्यामागे ते माझी नात योगिनी जोतीराम कोकरे हिचे. बँकेतील शिल्लकही भागूबाईची. ती किती आहे ते मला माहीत नाही. गल्ल्यावर तीच बसते.

कलम २. वाडवडिलांची मेंढरे वाटायला उरलेली नाहीत, त्याचे कारण नमूद करतो. कालव्याचे पाणी पुढे सरकत गेले, माळावर ऊस आला, मेंढरांना उभे राहायला जागा राहिली नाही. एकोणऐंशी साली कळप लोणंदच्या बाजारात विकला. त्याच साली भागूबाईचा उजवा हात मोडला, तो वाकडाच बसला. भाकरी कोण करणार? ती सांगत गेली, मी थापत गेलो. पहिली भाकरी हातात घेऊन ती म्हणाली, "ही भाकर हाय का पत्रा?" आणि हसत सुटली. कळप गेल्यापासून ती हसली नव्हती. म्हणून मी दुसरी थापली. पंचेचाळिसाव्या वर्षी असा मी स्वयंपाकी झालो. पुढे वालचंदनगरच्या रस्त्याला शेड टाकून खानावळ काढली. भावकीतले लोक मला "गेणूबाई" म्हणायचे, जेवायला मात्र यायचे. त्या सर्वांना माफ आहे. रस्सा त्यांनी कधी ताटात टाकला नाही.

कलम ३. सदर खानावळ, जागा, शेड, भांडीकुंडी व परवान्यासह, लीला भिमा हाके हिला देत आहे. ही पूर्वी माझी सून.

माझा एकुलता मुलगा जोतीराम एक्क्याण्णव साली उसाची ट्रॉली उलटून गेला. लीला तेव्हा बावीस वर्षांची, योगिनी रांगत होती. लीला चुलीपुढे बसली ती बोलेनाशीच झाली. खानावळीशेजारी भिमा हाकेचे पंक्चरचे दुकान. तो दुपारी जेवायला यायचा. दोन वर्षांनी भागूबाई मला म्हणाली, "लीला हसाया लागलीया. तुमास्नी दिसत न्हाय का?" मला दिसत होते. म्हणूनच मी तिकडे बघत नव्हतो. मुलगा गेला होता. आता सून आणि नातही गेली, तर घरात आम्ही दोन म्हातारी माणसे आणि चूल.

शेवटी मीच विषय काढला. लीला म्हणाली, "आबा, मी तुमास्नी सोडून कुठं जात न्हाय."

मी म्हणालो, "जा म्हणत न्हाय. पर माझ्यासाठी थांब, असं बी म्हणणार न्हाय."

त्या दिवशी तिच्या हातून पहिल्यांदा भाकरी करपली.

माझा धाकटा भाऊ सर्जेराव म्हणाला, "आता आपुन सुधारलो. कोकऱ्यांची सून दुसऱ्याच्या दारात द्यायची न्हाय." मी म्हणालो, "आपल्या विधवा आजीचा पाट लागला, दुसरं लगीन झालं, म्हणून तू आन् मी हाय, सर्जा." तो उठून गेला. लीला आणि भिमाचे लग्न मोरगावला झाले. बापाच्या जागी मी उभा राहिलो. सर्जेराव आलाही नाही, आणि पुढे खानावळीची पायरी तो चढला नाही.

लीला योगिनीला घेऊन पंक्चरच्या दुकानामागच्या खोलीत राहायला गेली. सकाळी कामाला यायची, पण आलेली लीला वेगळी होती. तिने गॅस आणला, बाकडी काढून टेबले मांडली, बायकापोरांना बसायला आडोसा केला. मी भांडलो, "गॅसवरच्या भाकरीला चव न्हाय." ती म्हणाली, "मग तुमी चुलीवर करा, मी गॅसवर करते. गिऱ्हाईक सांगंल." गिऱ्हाईक काही बोलले नाही, दोन्हीकडच्या संपल्या. माझे डोळे मात्र धुराने लाल होते, तिचे नव्हते. आता मी तिच्या हाताखाली कांदा चिरतो, आणि सुखात आहे.

सर्जेरावचे म्हणणे, खानावळ कोकऱ्यांतच राहावी, त्याचा मुलगा चालवील. पुतण्याशी माझे वाकडे नाही. त्याने खुशाल यावे, लीला काम शिकवील. मालकीण तीच. कायद्याने ती आता माझी कोणी लागत नाही असे वकील सांगतात. म्हणून तर हा कागद.

कलम ४. भिमाला माझी सायकल. पंक्चर काढून काढून ती तशीही अर्धी त्याचीच झाली आहे.

कलम ५. गेल्या दिवाळीत सर्जेराव खानावळीच्या दारात येऊन उभा राहिला. लीला म्हणाली, "तात्या, बसा की." तो बसला नाही. तिने दिलेले पाणी प्यायला आणि विचारले, "पोरगी कितवीला हाय?" एवढेच. मला तेवढे पुरले. आमच्या वडिलांची घोंगडी सर्जेरावला द्यावी. माझ्या तेराव्याचे जेवण खानावळीत व्हावे, लीलाने वाढावे, आणि पहिले ताट सर्जेरावला मांडावे. तो बसेल असे मला वाटते.

यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. पुढे बदल करावासा वाटला तर मी करीन. सध्या मरायला सवड नाही. येत्या गुरुवारी लीला आणि मी बारामतीला कणीक मळायचे यंत्र बघायला जाणार आहोत. ती म्हणते, आता चपातीचीही मागणी आहे. मला चपाती लाटता येत नाही. शिकतो आहे.

ठिकाण: कळंब
दिनांक: ११ जानेवारी १९९८

(सही) गेणू धोंडिबा कोकरे

आमच्यासमोर सही केली, म्हणून साक्षीदार:
१. (सही) मानसिंग बाबूराव जगताप, निवृत्त शिक्षक, कळंब
२. (सही) ठमाबाई रामा पिसे, दूधवाल्या, कळंब