गिअरच्या तेलात पाणी

तारापूर, नारळी पौर्णिमेचा आदला दिवस

दादाच्या होडीच्या मोटरीतलं गिअरचं तेल दुधाळ निघालं. बोईसरच्या मिस्त्रींनी बोटावर घेऊन दाखवलं: सील गेलंय, समुद्राचं पाणी आत शिरतंय. मोटरीच्या पाण्यातल्या पंख्यामागे जाळ्याचा नायलॉन दोरा गुंडाळला होता, त्यानेच सील कापलं. नवं बसवलं, पण ते कुंभवलीच्या कारखान्यातल्या पंपाचं. मापाला बसलं, खाऱ्या पाण्यात किती तास टिकेल?

दादाला म्हटलं, दोन दिवस थांब. तो हसला. "नारल सोडल्यावर होडी किनाऱ्याला ठेवू? तू पेपरात लिव, मोटर मी बगतो."

ते दुधाळ तेल डोळ्यांसमोरून हलत नाही. उगाच घाबरतोय का मी?

उद्या भरतीला तो निघणारच. मोटर आल्यापासून माळ्यावर पडलेली वल्ही मी पहाटेच होडीत ठेवून येईन.