स्टाव्हांगर वाटेत लागतं

२ मे २००७, पाटस
नॉर्वेच्या फ्योर्डची बोटटूर नक्की केली. १० ते १७ जून. समुद्र डोंगरांच्या मधून आत शिरतो, त्याला फ्योर्ड म्हणतात. बोट बारा मजली. रिटायर झाल्यावर माणसानं निसर्ग बघावा.
मुलगा, संपत, म्हणाला, आप्पा, सगळे स्वित्झर्लंडला जातात. जाऊ देत.
शेवटचा थांबा स्टाव्हांगर. ते वाटेत लागतं. बोट तिथं थांबते त्याला मी काय करणार.

३ मे
नोंद असावी म्हणून लिहितो. स्टाव्हांगरला सु. राहते. माझी मुलगी. तिचं पूर्ण नाव या घरात घ्यायचं नाही असं अकरा वर्षांपूर्वी मीच ठरवलं, आणि डायरी घरातच असते. नर्सिंगचा कोर्स संपल्याबरोबर तिनं राहू गावच्या पोपटरावांच्या ज्ञानदेवशी कोर्टात लग्न केलं. ते माळी, आम्ही धनगर. पुढं तो तेलाच्या कंपनीत इंजिनियर झाला, तिकडं गेला, तो भाग वेगळा. तिला मूलबाळ काय, मी विचारलेलं नाही.
संपतला सहज म्हणालो, आमच्या बोटीचं नाव आणि तारीख तिला कळली तरी माझी हरकत नाही. तो हसला. हसण्यासारखं काही नव्हतं.

२० मे
माफीचं निवेदन लिहायला घेतलं. माफी तिनं मागायची, मी द्यायची. दीड पान झालं. पस्तीस वर्षं साखर कारखान्यात हेड टाइमकीपर होतो, ड्राफ्टिंगची सवय आहे. सुरुवात 'उपरोक्त विषयास अनुसरून' अशी झाली होती, ती काढली.
ठरलेलं: १) तिनं बोटीवर यावं. मी खाली उतरणार नाही. २) पाया पडावं. ३) मग मी वाचून दाखवीन. ४) रडारड नको.

८ जून
बॅगा भरल्या. सौ.ने घोंगडं घेतलंय. नवं आहे. तिचा भाऊ रखमाजी राहूला अजून थोडी मेंढरं राखतो, त्याच्या लोकरीचं विणून आणलं. मी म्हणालो, बोटीवर ब्लँकेट असतात. ती म्हणाली, "असू द्या. तिकडं थंडी हाय."
माझे गुडघे दुखतात हे तिच्या लक्षात असतं. बोलून दाखवत नाही. वजन मात्र फार.

११ जून, बोट
काल कोपनहेगनला चढलो. बोट आमच्या कारखान्याएवढी, वर धुराडंही आहे, फक्त मळीचा वास नाही. सुटताना भोंगा झाला. सवयीनं घड्याळ बघितलं. चार मिनिटं लेट.
ग्रुपमध्ये शिरूरचे बाळासो आहेत. ट्रॅक्टरचे डीलर, आवाजही तसाच. मी टाइमकीपर होतो हे त्यांना सांगितलं ही चूक झाली. जेवायला येताना सगळ्यांसमोर ओरडले, "साहेब, आलो बरं का! हाफ डे मांडू नका!"
सौ. हसली. बऱ्याच दिवसांनी.
निवेदन एका पानावर आणलं.

१२ जून, गायरांगर
फ्योर्ड. दोन्ही बाजूंना सरळ कडे. वरून पाणी कोसळतं, खालचं पाणी हलत नाही. एवढी मोठी बोट आवाज न करता आत जात राहते. लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, नंतर लिहीन. निवेदनाचा तिसरा परिच्छेद कडक वाटतो.
डेकवर घोंगडं मागून घेतलं. छातीपासून गुडघ्यांपर्यंतच येतं, पुढं पाय उघडे. रखमाजीनं लोकर वाचवली. सौ.ला तसं सांगितलं. ती म्हणाली, "त्याला तेवढंच सांगितलं व्हतं." आणि माझ्या अंगावरून काढून घडी घालून ठेवलं.
वर कड्याच्या माथ्यावर हिरवळीत पांढरे ठिपके दिसले. मी म्हणालो, दगड. ती म्हणाली, "मेंढरं हायेत. एकोणीस. त्यातलं एक लंगडतंय." बाळासोंनी दुर्बीण लावली. एकोणीस निघाली. लंगडंही सापडलं. "वैनी," ते म्हणाले, "ही दुर्बीण मी उद्या पाण्यात टाकतो."
नजर माझीही चांगली आहे. लांबचा चष्मा बॅगेत आहे. लागत नाही.

१४ जून, बर्गन
पाऊस. बंदरावर सौ.ने संपतला फोन लावला. वीस मिनिटं. मुलाशी एवढं काय बोलायचं असतं.
घरी फोन असूनही ती दर गुरुवारी केडगावला बूथवर जाते, रखमाजीला फोन करायला. तिथून लाइन स्वच्छ लागते म्हणे. रखमाजीकडं फोन कधी आला, विचारायचं राहून गेलं.
दुपारी टूर मॅनेजर म्हणाला, उद्या कुणाचे नातेवाईक बोटीवर येणार असतील तर आत्ताच नावं द्या, पास लागतो, पासाशिवाय वर सोडत नाहीत. वीस माणसांसमोर ते नाव कसं घेणार. मी नाव दिलं नाही. सौ. माझ्याकडं बघत होती. आणि घरच्या माणसाला बोटीच्या जिन्यावर अडवतं कोण? मी अडवायचो. पासाशिवाय चेअरमनच्या मेहुण्यालाही आत सोडलं नाही. पण ते कारखान्याचं गेट होतं.
निवेदन चार ओळींवर आलं.

१५ जून, स्टाव्हांगर
स. ७.००. धक्का गावातच आहे. बोटीला लागून रस्ता, पलीकडं पांढरी लाकडी घरं. डेक अकरा, उजवी बाजू, कडेची खुर्ची धरली. काळी टोपी घातली. निवेदन रद्द केलं. सु. पुण्याला शिकत होती तेव्हा शनिवारी घरी यायची, आणि मी एकच विचारायचो. "कोणत्या गाडीनं आलीस?" ती गाडी सांगायची, मी लेट किती ते सांगायचो. आज तेवढंच विचारीन. पुढचं तिचं तिनं बघावं.

८.२०. सौ.ला म्हणालो, तू ग्रुपबरोबर गाव बघून ये, घोंगडं ठेवून जा. म्हणाली, "मला लागंल." थोडा वेळ उभी राहिली. "तुम्ही खाली चला की." मी नाही म्हणालो. "अवो, चला." ती एक गोष्ट दोनदा कधी म्हणत नाही. थंडी वाजत असेल.

९.१०. नाही आली.

१०.००. सौ. खाली बाकावर बसलीय. हिरव्या साडीवरून ओळखली. शेजारी इथली एक बाई, आखूड केस, पॅंट, बरोबर छोटी मुलगी. सौ.ला इथली भाषा येत नाही, तरी तासभर बोलणं चाललंय. तिला माणसं जमतात.

११.३०. ती छोटी मुलगी बोटीकडं बघून हात करतेय. मुलांना बोटी आवडतात. बाईपण वर बघतेय. बराच वेळ. अनोळखी बाईला हात करणं बरं दिसत नाही. मी जिन्याकडं लक्ष ठेवलंय.

दु. १.००. जेवायला गेलो नाही. चुकामूक नको. वारा फार. घोंगडं असतं तर.

२.४५. बाळासो येऊन गेले. "साहेब, कुणाची वाट बघताय?" मी म्हणालो, फ्योर्ड बघतोय. ते म्हणाले, "फ्योर्ड त्या बाजूला हाय."

३.३०. सगळे वर आले. सौ. सरळ केबिनमध्ये गेली.

४.००. भोंगा. वेळेवर.
नोंद: सु. गैरहजर.

१६ जून, समुद्र
आज थांबा नाही. दोन्ही बाजूंना पाणी.
सकाळी गुडघे धरले. घोंगडं मागितलं. सौ. म्हणाली, "दिलं."
कुणाला?
"सोनमला."
सोनम कोण, हे मी विचारलं नाही. आमच्यात लेकीच्या पहिल्या लेकराला आजोळचं घोंगडं जातं. मला माहीत नव्हतं असं नाही. पाच वर्षांची आहे. सौ. म्हणाली, तिला पार पायापत्तोर येतं.
मग ती बोलत राहिली. मी खिडकीकडं तोंड करून ऐकलं. सु. दोनदा जिन्यापाशी आली होती. पास नाही म्हणून दोन्ही वेळा परत पाठवलं. मग बाकावर बसली, तिथून मी दिसतो म्हणून. "पोरीला बोट करून दाखवलं तिनं. त्ये बघ, काळ्या टोपीतलं, त्ये आप्पा. पोरगी हात करून करून दमली."
मी म्हणालो, मी वेणी बघत होतो. तिची लांब वेणी असायची.
सौ. म्हणाली, "मेंढरू वळखायला वेणी लागती व्हय?"
जेवण झालं. सौ.नेच बाळासोंना सांगितलं असावं. त्यांनी माझ्यासमोर दुर्बीण ठेवली आणि उचलून परत नेली.
दुपारी पडल्या पडल्या सौ. म्हणाली, "आन् तुम्ही इचारणार, म्हणून तिनं सांगून ठेवलंय. सात चाळीसच्या बसनं आली व्हती."
लेट होती का, मी विचारलं.
"न्हाई. टायमात व्हती."

सायं. ६.००
सुषमा. आगमन ७.४० ची बस. वेळेवर.
हजेरीच्या मस्टरवर खाडाखोड झाली की शेजारी सही लागते. या नियमातून मी पस्तीस वर्षं कुणाला सोडलं नाही. कालच्या नोंदीतला 'गैरहजर' तसाच ठेवला. 'सु.' खोडून तिथं माझं नाव लिहिलं.
सही केली.