चोवीस आणि पुढे तीन ठिपके

तीर्थरूप दाजींच्या पायांवर शिंप्याचं डोकं,

(पाय दुखत असतील तर हलकंच टेकवलंय असं समजा.) ताईचा खोकला थांबला असेल, तुमची दाढ पडली असेल किंवा राहिली असेल, जे झालं ते बरंच झालं असेल. इकडे सगळे खुशाल, एक मी सोडून.

त्याचं असं झालं, शाळेत मुलांच्या लठ्ठपणाची पाहणी करायला एक डॉक्टरीणबाई आल्या. नेमका त्याच आठवड्यात शाळेचा वजनकाटा गेला (शेवटचे गणिताचे सर चढले होते, मी काही म्हणत नाही). बाई म्हणाल्या, कंबरही चालेल. उंचीच्या निम्म्याच्या आत असली की पोर ठीक. उंची शाळेच्या दप्तरात होती. आणि कंबर? ती गणवेश शिवणाऱ्याच्या वहीत. एका जुन्या मशीनवर दुकान उभं केलेला माणूस मी, डॉक्टर वही मागतात म्हटल्यावर छाती फुगली. दिली.

आता धंद्यातलं सांगतो. समोर उभी असलेली आई वही उलटी वाचते. पोराची कंबर तीस लिहिली की तिचा चेहरा पडतो आणि राग निघतो माझ्या कापडावर. म्हणून मी लिहितो चोवीस आणि पुढे तीन ठिपके. एक ठिपका म्हणजे दोन इंच. पॅन्ट तिसाची, लेबल चोवीसचं. आई खूश, पोराला श्वास घेता येतो. (एका चिरंजीवांना सात ठिपके आहेत. तिथे ओळ बदलावी लागली.) डॉक्टरीणबाईंना ते शाईचे डाग वाटले.

अहवाल आला की एवढी सडपातळ मुलं त्यांनी कुठे पाहिली नाहीत. दुकानात आया एकमेकींना तो वाचून दाखवत होत्या, मी मान खाली घालून काजं करत होतो. पण कान माझे कात्रीपेक्षा तेज. एक म्हणाली, "मग खेळाचा तास हवाय कशाला? त्या सरांना काढणार म्हणे." ते सर म्हणजे आमचे जावई. सुई सरळ बोटात गेली.

तसाच उठलो, मुख्याध्यापिकाबाईंना ठिपके उलगडून सांगितले. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "काका, जावयासाठी किती शाई सांडाल?" इतकी वर्षं खोटं लिहिलं, कुणी शंका घेतली नाही, एकदा खरं बोललो तर पुरावा मागतात. सोमवारी समिती निर्णय घेणार आणि पोरं सुट्टीला पांगलेली. मोजायला एक पॅन्ट द्या म्हणून दहा घरं फिरलो. एकीची पॅन्ट वाळत होती, एकीने दारच लावलं, तिसरीने विचारलं, "म्हणजे आमचा बाळ जाड आहे असं म्हणायचंय का तुम्हाला?"

असो. ताईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला मेहुणा

ता. क. सोमवारी अकराला समितीपुढे यायला जमेल का? मी शिवलेली ती राखाडी पॅन्ट घालून या. आतलं चौतीसचं लेबल उसवू नका.

ता. क. आणखी एक. हे बसून वाचा. तुमची कंबर चौतीस नाही. लग्नानंतर दुसऱ्या वर्षापासूनच नाही. ताईला माहीत आहे. लेबलावर काय घालायचं ते तीच कळवते.

ता. क. शेवटचं. रागावा, पण या. एवढा मोठा पुरावा माझ्याकडे दुसरा नाही.