भुतांचे शनिवार

लॉडर्सव्हिल, ओहायो
१२ सप्टेंबर १९९४

चि. लाईल यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तू नुसता हं-हं करतोस, आईला ऐकू कमी येतं, आणि मग तुझं हं-हं तिला मी ओरडून सांगायचं. म्हणून हे पत्र. नीट, वाक्यं पूर्ण करून उत्तर लिही.

इकडे मका वाळायला लागलाय, झाडांचे शेंडे लाल झालेत. आईचे गुडघे कुरकुरतात, जिभेला मात्र काही झालेलं नाही. परवा तिनं जाहीर केलं की बाबा नसले तरी ऑक्टोबरातले भुतांचे शनिवार व्हायचेच. तसेच, दुपारी दोन वाजता, आपल्या अंत्यविधीगृहातल्या अंत्यदर्शनाच्या खोलीत पडदे ओढून, घडीच्या खुर्च्या मांडून. तेहतीस वर्षांत एक ऑक्टोबर चुकला नाही, आता का चुकावा, असं तिचं म्हणणं. ग्रंथालयातून भुताच्या चित्रपटांची रिळं मागवूनसुद्धा झाली.

मला नको आहे रे. कारण फक्त तुला सांगते. फेब्रुवारीत बाबांचा देह अंत्यदर्शनासाठी तयार केला तो मी. दाढी केली, टाय बांधला. बाहेरचा माणूस त्यांना हात लावणार ही कल्पनाच सोसेना. त्या दिवशी माझा हात जराही हलला नाही. पण त्यानंतर तळघरातल्या खोलीत उतरले की बोटं थरथरतात. मार्चपासून शेजारच्या काउंटीतले ऑर्विल स्टाउट येऊन काम करून जातात. मी वर फुलं आणि कागदपत्रं बघते. गावात कुणाला कळलेलं नाही, आईलाही नाही. आता पडद्यावर रंग फासलेली मढी उठून चालायला लागली तर मी काय करू? बाबा त्यांना हसायचे. मढं असं उठत नसतं, आधी पाठ तरी वाकेल का त्याची, म्हणायचे आणि मांडीवर थाप मारायचे. मला नाही हसू यायचं.

आईला वाटतं, शेवटच्या शनिवारी तू यावंस. वीस वर्षं तू ऑक्टोबरात घरी आलेला नाहीस. बाबा गेले तेव्हा आलास खरा, पण उतरलास हायवेवरच्या मोटेलात. तुझी खोली तिनं झाडून ठेवली होती. काय ते कळव.

तुझी,
आर्डिथ


पोर्टलंड, ओरेगन
२० सप्टेंबर १९९४

प्रिय आर्डी, स. न. वि. वि.

ही बघ पूर्ण वाक्यं. माझं बरं चाललंय. शाळा सुरू झाल्यामुळे पियानो सुरात लावायची कामं ढीगभर आहेत. पाऊस सुरू झालाय, तो आता मेपर्यंत.

मी येणार नाही. आणि ते शनिवारही तू बंदच कर. आईला माझं नाव सांग.

तू मनातलं लिहिलंस, तर मीही लिहितो. शाळेत मला मढ्याचं पोर म्हणायचे. रांगेत कुणी माझा हात धरायचं नाही, माझ्या बोटांना वास येतो म्हणून. येत नव्हता, पण मी साबणानं घासून घासून त्वचा सोलून घ्यायचो. आणि तसल्या घरात बाबांना सुचलं काय, तर भयपट. मला पहिल्या रांगेत, स्वतःच्या शेजारी बसवायचे. सगळा गाव खिदळतोय, बाबा मांडीवर थापा मारताहेत, आणि मी पडद्याच्या तिवईच्या पायांकडे बघत बसलोय. पडदा ठेवलेला कुठं, तर जिथं शवपेटी ठेवतात तिथं. खाली तळघरात खरंच कुणीतरी निजलंय हे फक्त मला आठवत असायचं. ते माझी भीती मोडून काढताहेत, मला हसताहेत, असंच वाटायचं. सतराव्या वर्षी घर सोडलं ते यासाठी. पियानो शिकायला म्हणून नव्हे.

फेब्रुवारीत त्या घरात मला झोप लागली नसती. एवढंच होतं. आईचा अपमान करायचा नव्हता.

तुझ्या बोटांची काळजी घे. स्टाउट माणूस बरा आहे ना?

तुझा,
लाईल


लॉडर्सव्हिल
२८ सप्टेंबर १९९४

चि. लाईल यास आईचे आशीर्वाद.

तुझं पत्र आर्डिथनं मला दाखवलं नाही. ते टेबलावर होतं आणि मी वाचलं. रागवायचं असेल तर दोघंही रागवा. स्टाउटची गाडी दर वेळी मागच्या दारी लागते तेही मला दिसतं. कान गेलेत, डोळे शाबूत आहेत.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. १९६१ साली आर्डिथचा बारावा वाढदिवस होता. दहा मुलींना बोलावलं, एकही आली नाही. कुणाला सर्दी, कुणाची आजी आजारी. त्याच आठवड्यात तू हात सोलून घरी आलास. तुझे बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, विल्मा, या पोरांना आपल्या घराची भीती वाटते, कारण त्यांनी ते आतून पाहिलेलंच नाही. एकदा आत येऊन बसू देत, खोट्याला घाबरू देत, हसू देत, डोनट खाऊ देत, मग खरं घर त्यांना एवढं भयाण वाटणार नाही. चर्चमधून प्रोजेक्टर मागून आणला. पहिल्या शनिवारी सात पोरं आली, महिन्याच्या शेवटी पन्नास. पुढच्या वर्षी आर्डिथच्या वाढदिवसाला खुर्च्या पुरल्या नाहीत.

त्यांना स्वतःला ते चित्रपट मुळीच आवडायचे नाहीत. ऑक्टोबरातला शनिवार त्यांना तळ्यावर गळ टाकून घालवायचा असे. ते मोठ्यानं हसायचे ते पोरांनी हसावं म्हणून.

तू पडद्याच्या पायांकडे बघायचास ते त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं. गावातली पोरं येताहेत या आनंदात मी बोलले नाही. ती चूक माझी आहे, त्यांची नव्हे. चाळीस वर्षांच्या मुलाची माफी मागायला उशीर झालाय, तरी मागते.

ये म्हणणार नाही. खात-पीत जा. तुला नुसत्या कॉफीवर जगायची खोड आहे.

तुझी,
आई


लॉडर्सव्हिल
१० ऑक्टोबर १९९४

चि. लाईल यास आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचल्याचं आईनं तुला आधी कळवलं आणि मला नंतर. भांडून झालं. ती जिंकली.

परवाच्या शनिवारचं सांगते. पहिला शनिवार मी सर्दीचं निमित्त करून टाळला होता. या वेळी आईनं पहाटेपासून एकटीनं खुर्च्या मांडायला घेतल्या. तिचे गुडघे बघून मी निमूट खाली आले. चाळीसेक माणसं होती. मी दाराशी उभी राहिले, म्हणजे पळता येईल. नेहमी पहिली किंकाळी फोडायची ती ऑपल केसलरनं, तिचे ते दालचिनीचे डोनटही यंदा नव्हते. ती उन्हाळ्यापासून अंथरुणाला खिळली होती.

चित्रपट अर्ध्यावर आला आणि घंटी वाजली. दारात मर्ल केसलर, ऑपलचे यजमान. कोटाची बटणं वरखाली लागलेली. म्हणाले, आर्डिथ, ऑपल गेली, तासाभरापूर्वी. बहीण तिच्यापाशी बसलीय. फोन करणार होतो, पण घरात थांबवेना, म्हणून चालत आलो.

मागून पडद्यावरच्या बाईची किंकाळी आणि सगळ्या खोलीचं हसू. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मी प्रोजेक्टर बंद करायला धावले तर त्यांनी माझी बाही धरली. विचारलं, किती राहिलाय? म्हटलं, अर्धा तास असेल. म्हणाले, मग चालू दे. शेवट काय होतो ते मी तिला नेहमी सांगायचो, ती तर डोळे मिटूनच ओरडायची.

ते शेवटच्या खुर्चीवर कोट घालूनच बसले. आई जाऊन शेजारी बसली, त्यांचा हात आपल्या हातात घेतला. हळूहळू मागची रांग वळून बघायला लागली, मग पुढची. सगळ्यांना कळलं. कुणी उठलं नाही. अर्धा तास सगळं गाव त्यांच्याबरोबर तो टुकार चित्रपट बघत बसलं, आणि एका ठिकाणी मर्ल चक्क हसले. मी दारात उभी राहून रडत होते, लाईल, आणि पडद्यावरच्या मढ्यांकडे सरळ बघत होते.

दिवे लागल्यावर त्यांनी विचारलं, हारलनला, तुझ्या बाबांना, तूच तयार केलंस ना? म्हटलं, हो. मग माझ्या ऑपललाही तूच कर. मी स्टाउटचं नाव काढलं. ते म्हणाले, स्टाउटला ती कशी ओरडायची ते माहीत आहे का?

गाडी घेऊन आम्ही तिला आणायला निघालो तर खोलीतली निम्मी माणसं कोट चढवून पायी मागे आली. मी तिचे केस विंचरले, तिच्या झग्याची निळ्या फुलांची पट्टी बांधली. हात सुरुवातीला थरथरला. मी थांबले, पुन्हा सुरू केलं. कालपासून स्टाउटना सुट्टी दिलीय.

तू यायलाच हवं असं नाही. फक्त तुला सांगायचं होतं.

आर्डिथ


पोर्टलंड
१६ ऑक्टोबर १९९४

प्रिय आर्डी,

अठ्ठावीसला शुक्रवारी संध्याकाळी पोचतो. मोटेल घेतलेलं नाही. आईला एवढंच सांग, म्हणजे ती रोज चादर बदलणार नाही.

लाईल


पोर्टलंड
६ नोव्हेंबर १९९४

प्रिय आर्डी, स. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. आईनं दिलेल्या सफरचंदांचा विमानात शेजाऱ्याला वास आला, मग त्यालाही दोन दिली.

तुम्ही दोघी अजून हसत असाल. चाळीस वर्षांचा बाप्या एवढ्या मोठ्यानं किंचाळू शकतो हे मलाही ठाऊक नव्हतं. डोळे उघडे ठेवून बघितलं की ते इतकं भयंकर आणि इतकं हास्यास्पद असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मर्ल केसलरांच्या हातातला सफरचंदाच्या गरम रसाचा कप माझ्या बुटावर सांडला, तरी ते म्हणाले, ऑपलची किंचाळायची जागा भरली. ते शब्द मला विमानतळापर्यंत पुरले.

बाबांशी मात्र अजून माझं थोडं भांडण आहे. ते एका पत्रानं आणि एका शनिवारानं मिटणार नाही. पण आता त्यांच्याशी भांडावंसं वाटतं, आधी तेही वाटत नव्हतं. पुढच्या वर्षी दोन शनिवार राहीन.

रविवारी सकाळी मी दाखव म्हणालो आणि तू मला तळघरातल्या खोलीत नेलंस. पांढऱ्या फरशा, नळ, खिडकीशी रेडिओ, बाबांचं उंच स्टूल. तू विचारलंस, भीती वाटते का. मी नाही म्हणालो. खोटं बोललो. वाटत होती. तुला ते दिसलं असणार, तरी तू म्हणालीस, मी वर जाऊन कॉफी टाकते, येताना दिवा मालव. आणि खरंच गेलीस, मागे वळूनही पाहिलं नाहीस.

मी बटणापाशी उभा राहिलो. बराच वेळ. मग मालवला. अंधारात जिना चढलो, धावत नाही, एकेक पायरी करून. वर आलो तर स्वयंपाकघरात तू आईला माझ्या किंचाळण्याची नक्कल करून दाखवत होतीस, आणि तिला, कान गेलेले असूनही, ती अगदी स्पष्ट ऐकू येत होती.

आईला नमस्कार. माझ्यावरची माया तिनं अशीच टोमणे मारून दाखवत राहावी.

तुझा,
लाईल