फ्यूज खिशात ठेवणारा माणूस

प्रिय अनिरुद्ध,

डब्याच्या पिशवीत पत्र बघून हसू नकोस. समोर बोलायला गेले की तू "आई, टेन्शन नको ना घेऊ" म्हणत बूट घालायला लागतोस आणि माझं बोलणं राहूनच जातं.

तुझे बाबा सारखे आठवतात. घाटकोपर-मुलुंडच्या कितीतरी सोसायट्या कंपनीला फोन करायच्या, लिफ्ट बंद पडलीय, अंबादासलाच पाठवा. मला त्याचा तोरा होता, खोटं का सांगू? पण ते घरी येईपर्यंत जीव टांगणीला. लिफ्टच्या खड्ड्यात उतरण्याआधी ते मेन स्विचचे फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचे. वॉचमनच्या हातात नाही, सेक्रेटरीच्याही नाही. कोणी चुकूनसुद्धा लिफ्ट चालू करायला नको.

लहानपणी एकदा तू तापाने फणफणला होतास. शेजारच्या लताने फोन केला तसे बाबा चेंबूरचं काम अर्धवट टाकून धावत आले. तुझ्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसले. संध्याकाळी त्यांचा शर्ट धुवायला घेतला तर खिशात फ्यूज! तिकडे सात मजल्यांची माणसं दिवसभर जिने चढत होती. परत गेले, यथेच्छ शिव्या खाऊन आले. मला म्हणाले, "कमल, शिव्यांनी कोण मरत नाही गं." तुझा पाळणा टांगायचा होता तेव्हाही आधी स्वतः हुकाला लोंबकळून पाहिलं होतं. छताचं प्लास्टर सगळं डोक्यावर आलं.

कधी पाय सटकला, कधी थोडक्यात वाचले, तरी घरी येऊन मला सांगायचेच. मी भांडायचे, रडायचे, दुसऱ्या दिवशी कामावर जाऊ द्यायचे नाही. पण लपवलं कधीच नाही. शेवटी हार्ट अटॅकने गेले, घरात, आपल्या अंथरुणावर, हातीपायी धड. कोणाला बोलले नाही कधी, पण रडता रडता मनात आलं होतं, लिफ्टने तर नेलं नाही ना. भीती संपली असं वाटलं. मग तू तेच काम धरलंस.

तू म्हणतोस, आता ते जुने फ्यूज राहिले नाहीत, लिफ्टच्या टपावरच स्टॉपचं बटण असतं. असेल. काल बाजारात तुझ्या जोडीदाराची, निलेशची बायको कुंदा भेटली. मला सगळं माहीत असणार असं धरून बोलत होती. शुक्रवारी मुलुंडच्या टॉवरमध्ये दोन मिनिटांचं काम म्हणून तू बटण न दाबताच टपावर चढलास. खालून कोणीतरी लिफ्ट बोलावली. निलेशने हात धरून ओढलं नसतं तर! आणि मला सांगितलंस, कोपर बाईकवरून पडून खरचटलं. मी त्यावर हळद लावली रे, आणि हळू चालव म्हणाले. कालपासून घास उतरत नाही. फोनची रिंग वाजली तरी हातातलं काम टाकून धावते. नोकरी सोड म्हणणार नाही, तू ऐकणार नाहीस. पण सपनाला सातवा महिना चालू आहे आणि तीसुद्धा बाईकचंच धरून बसलीय. आज घरी आलास की आधी तिला खरं काय ते सांग. तिला रडू दे, भांडू दे, तिचा हक्क आहे तो. जेवणं होईपर्यंत मी वाट बघेन, नंतर मीच सांगेन.

तुझीच, घाबरलेली
आई