आगळाचा थेंब

ता. ४ सप्टेंबर १९३१
शाळेचं सूक्ष्मदर्शक यंत्र रविवारपर्यंत घरी ठेवायची परवानगी. हेडमास्तरांचे उपकार. पेंढा भिजवून पाणी कुजत ठेवलेलं, घरभर वास. यमू म्हणाली, "हे ओटीवर ठेवा, नाहीतर मी ओटीवर निजते." काचेवर थेंब घेतला. उन्हात धूळ तरंगावी तसे जंतू. जेवणाचं भानच राहिलं नाही.

ता. ५
थेंबाच्या कडेला कोकमाचं आगळ लावलं, यमूच्या बरणीतलं. सगळे मागे फिरले. तिला दाखवलं. एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिली. मग, "भ्यायले हो."
भीती नाही नि अक्कल नाही, म्हटलं. आंबट लागलं की आपोआप वळतात.
"शाळा सुटली की तुम्ही घराकडे वळता, ते?"
"ते कळून."
"कशावरून?"
हसलो. संध्याकाळी दोघं मांडवीवर. भरती लागलेली, कुणी न सांगता. उगीच बघत बसलो.

ता. ११
यमूला ताप. काढा दिला.

ता. १५
डॉ. म्हणतात विषमज्वर. माझ्या कुजक्या पाण्याचं विचारलंच. "त्याचा काही संबंध नाही, मास्तर." तरी भांडं राखेने घासून उन्हात पालथं घातलं.

ता. २०
ओळखत नाही. भिंतीवर माडांच्या सावल्या हलतात, त्यांच्याकडे बघते. तिच्या आत आहेत ते काचेवरच्यांचे लांबचे भाऊबंद. या तापाला तेही भ्याले असतील का? त्यांचा राग यायला हवा, येत नाही. नुसती भीती वाटते. ती नसली तर मी घराकडे कशाला वळू

ता. २३
तळहातात बोट ठेवलं की घट्ट धरते. डॉ. आले तेव्हा मोठ्या आनंदाने दाखवलं. त्यांनी नाडी पाहिली, पिशवी आवरली. "त्यावर जाऊ नका, मास्तर. ते आपोआप होतं."
माझाच शब्द. वर्गात किती सहज वापरतो.
यमूची थोरली बहीण आक्का पावसहून आली आहे. डॉ. गेल्यावर म्हणाली, "बोट काढू नकात. तिला कळतंय सगळं."

ता. २६
ताप थोडा उतरलाय. शुद्ध नाही. डॉ. धड हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत.
तोंडाला चव येईल म्हणून आक्काने आगळाच्या पाण्याचं बोट ओठांना लावलं. यमूने मान फिरवली, अगदी त्या जंतूंसारखी. मग मीच तिच्या मुठीतून माझं बोट सोडवून घेतलं. बघायचं होतं. तिचा हात चादरीवरून सरकत आला, मध्येच थांबला, पुन्हा सरकला. डोळे मिटलेलेच.
तिला कळतंय असं मनाशी म्हटलं. लगेच तिचंच आठवलं, कशावरून?
बोट परत दिलं. शाळेची वेळ झाली होती. गेलो नाही.