धुऊन टाकलेला मेद

प्रिय खारूताई,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं, त्यावरून काही समजू नकोस. तुझं पत्र मिळालं. अकरा वर्षांनी तुला माझी आठवण झाली, आणि सुरुवात काय, तर 'आपली जुनी मैत्री'.

मी आता तेलाच्या कारखान्यात तपासनीस आहे. दिवसभर नमुने येतात, आम्लता मोजते, शिक्का मारते. आई विचारायची, "एवढं शिकून हेच करायचं होतं का गं?" गेल्या वर्षी ती गेली. तिच्या हातचं तू पोटभर जेवली होतीस, पण तुझ्याकडून दोन ओळीही आल्या नाहीत.

सात महिने आपण दोघी प्रयोगशाळेच्या त्या थंड खोलीत, अंगात दोन-दोन स्वेटर घालून, एकाच प्रथिनाच्या मागे लागलो होतो. पेशीच्या पडद्यात बसून क्षारांची ने-आण करणारं प्रथिन. ते पडद्यातून सोडवायला साबणासारखं द्रावण लागायचं. आपले मार्गदर्शक सर म्हणायचे, "मला शुद्ध हवं, तेलकटपणा चालणार नाही." आपण धूत राहिलो आणि दर वेळी हाती निकामी प्रथिन आलं. एका शुक्रवारी मी साबण निम्मा केला, पडद्यातला थोडा मेद राहू दिला, आणि ते काम करायला लागलं. मेद काढला की बंद, परत मिसळला की चालू. तीनदा करून पाहिलं. प्रथिनाला चिकटलेले मेदाचे रेणूच त्याला आकारात धरून ठेवत होते, आणि तेच आपण इमानेइतबारे धुऊन टाकत होतो. हे सगळ्यात आधी तुला दाखवलं. तू मला मिठी मारलीस.

सोमवारच्या बैठकीत तूच म्हणालीस, "सर, तिचा नमुना घाण आहे. दिसतंय ते त्या घाणीमुळे." सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "नळ्या धुता येतात ना तुला?" सगळे हसले. तू मान खाली घालून बसलीस. महिन्याभरात माझी शिष्यवृत्ती बंद झाली. दोन वर्षांनी तेच प्रथिन, तोच मेद, तोच प्रयोग तुझ्या नावाने छापून आला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

आता त्या छापील शोधाबद्दल कोणीतरी तक्रार केली, चौकशी समिती बसली, आणि तुला माझी सही हवी आहे. मी फक्त नळ्या धुवायला होते, अशा कागदावर. मजकूरही तूच टाइप करून पाठवलास, मला तेवढेही कष्ट नकोत म्हणून.

तो कागद मी फाडला. माझी त्या वर्षाची वही काल समितीकडे पाठवली. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून हे पत्र; मागून वार करणं मला जमत नाही. वहीत एका पानाच्या कडेला तुझ्या अक्षरात एक ओळ आहे, त्या शुक्रवारच्या आदल्या दिवसाची : 'साबण कमी करून बघ की.' ते पान फाडायला मी पट्टी लावून बसले होते. मग तसंच राहू दिलं, आणि ती ओळ तुझी आहे हे समितीला वेगळं लिहून कळवलं. बाकी सगळं माझं आहे. उत्तर पाठवू नकोस.

तुझी म्हणावी अशी आता न उरलेली,
पलीकडच्या टेबलावरची